क्रूसह कॅटामरान भाड्याने घेताना : 50 फुटी की 60 फुटी?

आठ-दहा जणांच्या गटाने आठवडाभराच्या सागरी सहलीसाठी कॅप्टन आणि क्रूसकट कॅटामरान (दोन समांतर हल, म्हणजे सांगाडे, जोडून केलेली नौका) भाड्याने घ्यायचे ठरवले, की निवड बहुधा दोन पर्यायांपाशी येऊन अडते. एक असते साधारण 50 फुटांची, कॅप्टन आणि स्वयंपाकी अशा दोघांवर चालणारी. दुसरी 60 फुटांपुढची, तीन-चार जणांचा क्रू असलेली. छायाचित्रांत दोन्ही सारख्याच देखण्या दिसतात. खरा फरक क्रू कुठे झोपतो, स्वयंपाकघर कुठे आहे आणि भाड्यात काय काय धरले आहे, यांत असतो. त्यामुळे कंपनी कोणती आणि मॉडेल कोणते, हे प्रश्न मला त्यानंतरचे वाटतात.

जागेचा अंदाज येण्यासाठी दोन परिचित मॉडेल्स पाहू. फाउंटेन पाजो कंपनीची साबा 50 ही सुमारे 15 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद आहे, तर लगून 620 जवळपास 19 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद आहे. पाण्याखालची खोली दोन्हींची दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असल्यामुळे उथळ खाडीत शिरण्याच्या बाबतीत मोठीचे फारसे अडत नाही. मात्र गजबजलेल्या बंदरात 10 मीटर रुंदीची जागा मिळणे कठीण जाते आणि मिळाली तरी तिचे शुल्क बरेच जास्त असते.

लहान नौकेवर दोघांचा क्रू पाहुण्यांसाठीच्याच एका केबिनमध्ये राहतो किंवा पुढच्या निमुळत्या टोकातील कप्प्यात झोपतो. त्या कप्प्यात डेकवरच्या झाकणातून शिडीने उतरावे लागते आणि पाऊस आला की तेच झाकण लावून घ्यावे लागते. जाहिरातीत ‘पाच केबिन, दहा पाहुणे’ असे लिहिले असेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा, की मग क्रू कुठे झोपतो? अशा कोंदट जागेत झोप न झालेल्या माणसांकडून पाहुणे आठवडाभर हसतमुख सेवेची अपेक्षा ठेवतात, हे मला पटत नाही. शिवाय नांगर टाकताना एक जण सुकाणूपाशी आणि दुसरा पुढे साखळीपाशी लागतो, म्हणजे तेवढा वेळ स्वयंपाक थांबतो. मोठ्या नौकेवर डेकहँड, म्हणजे डेकवरची कामे करणारा खलाशी, वेगळा असल्याने जेवण तयार होत असतानाच कोणी पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवू शकते, कोणी छोट्या होडीने किनाऱ्यावर सोडून येऊ शकते.

स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीतच असले तर गप्पा आणि स्वयंपाक एकत्र चालतात, आणि काही गटांना नेमके तेच आवडते. पण भांड्यांचा आवाज सकाळी लवकर सुरू होतो आणि खासगी बोलणे क्रूच्या कानावर पडतेच. काही मोठ्या नौकांवर ते खाली, दोनपैकी एका हलमध्ये असते. तिथे क्रूचा आणि पाहुण्यांचा वावर आपोआप वेगळा राहतो.

भाड्याची तुलना करताना आकडे समोरासमोर ठेवून चालत नाही, कारण करार दोन प्रकारचे असतात. कॅरिबियन भागात, विशेषतः व्हर्जिन बेटांवर, जेवण, पेये आणि इंधन धरून एकच रक्कम सांगण्याची पद्धत रूढ आहे. भूमध्य समुद्रात बऱ्याच नौकांचे, विशेषतः मोठ्या नौकांचे, मूळ भाडे वेगळे असते आणि खाणेपिणे, इंधन व बंदर शुल्क यांसाठी त्याच्या साधारण 25 ते 35 टक्के रक्कम आगाऊ घेतली जाते. हिशेब होऊन उरलेली परत मिळते, कमी पडली तर भरावी लागते. भाडे 100 मानले, तर दुसऱ्या प्रकारात कर आणि बक्षिसी धरण्याआधीच खर्च 130 च्या आसपास जातो. क्रूला द्यायची बक्षिसी सक्तीची नसली तरी कॅरिबियनमध्ये भाड्याच्या 15 ते 20 टक्के आणि भूमध्यात 5 ते 15 टक्के देण्याचा प्रघात आहे. स्वस्त दिसणारी नौका इथेच महाग पडते.

रात्री खाडीत मुक्काम असेल तर एसी किती तास चालेल, हेही लेखी विचारून घ्यावे. अनेक नौकांवर एसीसाठी जनरेटर चालू ठेवावा लागतो, त्यामुळे काही कॅप्टन रात्री तो बंद करतात.

शिडाच्या वेगाची हौस असणाऱ्यांनी मात्र कॅटामरानकडून फार आशा ठेवू नये. ती काही अंशच कलते, ग्लास टेबलावरून घसरत नाही, पण वारा समोरून असताना ती एका हलच्या चांगल्या नौकेइतकी वाऱ्याच्या दिशेने जाऊ शकत नाही आणि सामानाच्या ओझ्याने आणखी मंदावते. समोरून लाटा आल्या की दोन हलांना जोडणाऱ्या मधल्या पुलाच्या तळावर त्यांचे धपाधप तडाखे बसतात. त्यामुळे ‘इथे कोणाला बोट लागत नाही’ हा नेहमीचा दावा अर्धाच खरा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी वारा जोरात वाहतो, तेव्हा दक्षिणेकडे जाणारा एकमार्गी प्रवास सुखाचा ठरतो.

सहा ते आठ जणांसाठी, क्रूची स्वतंत्र केबिन असेल तर, मी 50 फुटी घेईन; दहा जणांसाठी मोठीच. बाराहून अधिक प्रवासी नेणारे जहाज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाज ठरते, म्हणून बहुतेक भाड्याच्या नौका बारावर थांबतात. गट त्याहून मोठा असेल तर दोन 50 फुटी नौका घ्याव्यात आणि दोन्हींचे कॅप्टन एकमेकांशी बोलून एकच मार्ग ठरवतील, अशी अट करारातच घालावी.