मोटरहोम आणि घाटरस्ते: काही महिन्यांच्या वापरानंतर

सात मीटर लांब, साडेतीन टनांची टर्बो डिझेल मोटरहोम (आतच राहायची सोय असलेली गाडी) काही महिने घाटांतून चालवतोय. माझं मत आता पक्कं आहे: घाटासाठी अशी गाडी घेताना ती चढते कशी यापेक्षा उतरते कशी, हे आधी बघा.

चढाची मला कधी काळजी वाटली नाही. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के असतो, तरी हवा दाबून आत भरणाऱ्या टर्बोमुळे इंजिन दम सोडत नाही. मागे गाड्यांची रांग लागली की जागा बघून बाजूला घ्यायचं, बस.

उताराला मात्र सगळं लक्ष लागतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो. त्यापुढे ब्रेक ऑइल उकळलं तर वाफ धरते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत टिकतं. ओलावा शोषल्यावर ही हमी १५५ वर येते. म्हणून ऑइल वेळच्या वेळी बदलाच. मी उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घेतो. इंजिन मोठ्यानं गुरगुरतं, सोबतची माणसं दचकतात, पण गाडी धरून ठेवतंय ते इंजिनच! ब्रेक थोडा वेळ ठाम दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा.

हेअरपिन वळणावर मागची चाकं आतून कापतात आणि चाकांमागचं धड उलट्या बाजूला झोकतं. तिथे कठडा किंवा दरड असली तर बोटभर जागा राहते. कोणीतरी खाली उतरून मागे बघितलेलं केव्हाही बरं.

नव्या कॅम्पग्राउंडला निघण्यापूर्वी मी फोन करून तीन गोष्टी विचारतो: जास्तीत जास्त किती लांबीची गाडी चालते, वाटेत कमी उंचीचा बोगदा आहे का आणि पाणी भरायला मिळतं का. पाणी मिळणार असेल तर टाकी जवळपास रिकामीच ठेवतो. १०० लिटर म्हणजे १०० किलो उगाच घाट चढवायचे कशाला? पोहोचायचं उजेडी, कारण गाडी समतल लावायला वेळ लागतो. गॅसवरचा फ्रिज फार कललेल्या गाडीत नीट थंड करत नाही, त्यामुळे चाकांखालचे रॅम्प हवेतच. आणि थंडीत सिलिंडर प्रोपेनचाच घ्या. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, शेगडी पेटतच नाही.