बायरन की बेरी: कपपर्यंतच्या दोन वाटा

अमेरिकेतल्या नॅसकार मोटारशर्यतींचे ड्रायव्हर विल्यम बायरन आणि जॉश बेरी, दोघेही आयरेसिंग या संगणकी शर्यतीतून पुढे आले. दोघांनीही जेआर मोटरस्पोर्ट्स या संघाच्या लेट मॉडेल, म्हणजे छोट्या ट्रॅकवरच्या स्थानिक शर्यतींच्या गाड्या चालवल्या. बायरनला लिबर्टी विद्यापीठासारखा प्रायोजक मिळाला आणि तो भराभर चढला: २०१६ मध्ये नॅसकारच्या तिसऱ्या पायरीवरच्या ट्रक मालिकेत ७ विजय, २०१७ मध्ये दुसऱ्या पायरीवरच्या एक्सफिनिटी मालिकेचं विजेतेपद, २०१८ मध्ये सर्वोच्च कप मालिका.

बेरी पैशाअभावी वर्षानुवर्षं छोट्या ट्रॅकवरच राहिला. पण टायर शेवटच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवायचे, दाटीत गाडीला गाडी घासत जागा काढायची, हे तिथंच अंगात भिनतं. शिकण्यासाठी मला हीच वाट सरस वाटते. २०२१ मध्ये त्याने मार्टिन्सव्हिलच्या जेमतेम अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर एक्सफिनिटी शर्यत मारली. कपचा पूर्ण हंगाम मात्र २०२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मिळाला.