बेकरीतल्या खुनांच्या कादंबऱ्या : काही महिने वाचल्यानंतर

बेकरीची मालकीण, छोटं गाव, एक खून आणि मधूनमधून कुकीजच्या कृती. ‘कोझी मिस्टरी’चा, म्हणजे हलक्याफुलक्या रहस्यकथेचा, हा प्रकार काही महिने वाचल्यावर मत पक्कं झालंय: यातली खरी गोडी बेकरीच्या वेळापत्रकात आहे.

पहाटे भट्टी तापवावीच लागते. त्यामुळे गाव झोपलेलं असताना नायिका जागी असते आणि कोणाची गाडी कुठून गेली ते तिला दिसतं. ट्रे आत कधी गेला, बाहेर कधी आला हे ठरलेलं, म्हणून कोण कधी कुठे होतं याचा मिनिटांचा हिशेब लागतो. काउंटरवर तर सगळं गावच येतं. बडोद्यातल्या मांडवीच्या फरसाणाच्या दुकानात सकाळी ज्या बातम्या कानावर पडतात, त्याच तिथे पुरावा म्हणून कामी येतात.

सुरुवात जोआन फ्लूक यांच्या हॅना स्वेन्सन या बेकरीवालीच्या मालिकेपासून करावी. पहिलं पुस्तक 2000 सालचं, गाव मिनेसोटातलं लेक ईडन. दूध पोचवणारा माणूस बेकरीच्या मागेच मेलेला सापडतो. हॅनाच्या बहिणीचा नवरा पोलिसात आहे, म्हणून तपासातली माहिती तिच्यापर्यंत येते. सामान्य बाईला ही माहिती मिळणार कशी, हा या प्रकारातला सगळ्यात नाजूक सांधा. कच्च्या पुस्तकांत इन्स्पेक्टर उगाचच सगळं सांगून टाकतो.

पुस्तकाच्या शेवटच्या पाव हिश्शात नवं पात्र आणून त्यालाच खुनी ठरवलं, तर ती वाचकाची सरळ फसवणूक. मालिकेच्या प्रत्येक भागात खून वेगळा असला तरी प्रेमप्रकरण भागांमागून भाग चालू राहतं, म्हणून क्रमानेच वाचा. मात्र लागोपाठ तीन-चार वाचू नका. नायिका संशयिताला एकटीच भेटायला जाते हा साचा लगेच डोळ्यात भरतो.

कृती करून बघण्यासारख्या आहेत, पण मापं अमेरिकन. 350 फॅरनहाइट म्हणजे साधारण 175 सेल्सियस, मैद्याचा एक कप 120 ते 125 ग्रॅम, बटरची एक ‘स्टिक’ 113 ग्रॅम. खोलीच्या तापमानाचं बटर म्हणजे तिथल्या खोलीचं, जवळपास 20 अंशांचं. बडोद्याच्या मे महिन्यात तसंच बाहेर ठेवलं तर ते वितळतं, साखरेबरोबर फेटताना त्यात हवा धरली जात नाही आणि कुकीज ट्रेभर पसरतात. म्हणून बटर बोट दाबल्यावर खळगा पडेल इतकंच मऊ घ्या आणि गोळे भाजण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडचं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, तेव्हा कृतीत बिनमिठाचं बटर सांगितलं असेल तर कृतीतलं वेगळं मीठ घालू नका. ब्राउन शुगर नसेल तर एक कप साखरेत एक मोठा चमचा काकवी मिसळली की काम भागतं.

ई-पुस्तक घेणार असाल तर आधी मोफत नमुना वाचा. त्यात दुकानाचं रोजचं काम नीट दिसत नसेल आणि फक्त केकची वर्णनं असतील, तर पुस्तक सोडून द्या.