छोट्या ट्रेलरच्या सांडपाण्याची फेरजोडणी आणि बोल्टाने बसणारा गेट व्हॉल्व्ह : एक परीक्षण

व्हाल्टेरा कंपनीचे ‘ब्लेडेक्स’ गेट व्हॉल्व्ह अमेरिकेतील आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या वाहनांच्या) दुकानांत सर्रास मिळतात. वरवर पाहिले तर त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहावा असे काही आढळत नाही : प्लॅस्टिकचे दोन भाग, मध्ये सरकणारे पाते, ओढायची दांडी आणि चार बोल्ट. मात्र गाडीमागे ओढून न्यायच्या आमच्या १६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलरच्या सांडपाण्याची जोडणी नव्याने करताना सारी आखणी या व्हॉल्व्हभोवतीच करावी लागली आणि तो किती विचारपूर्वक घडवलेला आहे, हे ट्रेलरखाली आडवे पडून काम करताना पदोपदी जाणवले. मोठ्या ट्रेलरमध्ये जागा मुबलक असते, त्यामुळे तिथे कोणताही व्हॉल्व्ह चालून जातो. छोट्या ट्रेलरमध्ये इंचा-इंचाचा हिशेब करावा लागतो, म्हणून हे परीक्षण मुख्यतः अशा ट्रेलरच्या मालकांसाठी आहे.

ज्यांचा या वाहनांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ट्रेलरच्या पोटाखाली सांडपाण्याच्या सहसा दोन टाक्या असतात. स्वयंपाकाचे सिंक आणि शॉवर यांचे पाणी ग्रे टँकमध्ये जाते, तर शौचालयाचे ब्लॅक टँकमध्ये. दोन्ही टाक्यांचे पाइप पुढे एकत्र येऊन ३ इंची तोंडातून बाहेर पडतात, आणि ते एकत्र येण्यापूर्वी प्रत्येकावर स्वतंत्र गेट व्हॉल्व्ह असतो. डम्प स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडण्याच्या ठिकाणी, आधी ब्लॅक टँक रिकामी करायची आणि मग ग्रे टँक सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज (सांडपाण्याची नळी) आपोआप धुऊन निघते, हा सर्वमान्य क्रम आहे. कॅम्पग्राउंडवर सांडपाण्याची थेट जोडणी असली तरी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह टाकी पुरेशी भरेपर्यंत बंदच ठेवावा लागतो, कारण तो उघडा राहिला तर द्रव निघून जातो आणि घन भाग तळाशी साचून घट्ट होतो. थोडक्यात, या व्हॉल्व्हवर व्यवस्थेची सगळी भिस्त असते. तो गळू लागला तर तोंडाचे टोपण काढताक्षणी काय होते, हे अनुभवलेल्यांना वेगळे सांगायला नको.

आमच्या ट्रेलरची मूळ जोडणी आधीच्या मालकाने एका वर्कशॉपकडून बदलून घेतली होती आणि ते काम निकृष्ट होते. ग्रे टँकचा दीड इंची पाइप चॅसिसच्या पट्टीखालून, दोन एल्बो (वळणाचे जोड) लागोपाठ वळवून, चाकाच्या मागे नेला होता, त्यामुळे पेट्रोल पंपावर चढताना तो जमिनीला घासत असे. शिवाय दोन आधारांच्या मधल्या भागात त्याला झोळ पडला होता. त्याहून गंभीर बाब अशी की काळ्या एबीएस (एक प्रकारचे प्लॅस्टिक) पाइपाचे सांधे पीव्हीसीच्या सोल्युशनने चिकटवलेले होते. एबीएसला एबीएसचेच सोल्युशन लागते, कारण ते प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करते. त्याजागी पीव्हीसीचे सोल्युशन वापरले तर भरवशाचा सांधा होत नाही. यातला एक सांधा मी हाताने पिळताच निघाला आणि आतून पाइपाचा पृष्ठभाग जवळजवळ कोराच दिसला. एबीएस आणि पीव्हीसी यांना जोडणाऱ्या एखाद्या सांध्यासाठी हिरव्या रंगाचे खास सोल्युशन मिळते, पण सगळा पाइप एबीएसचा असताना त्याची गरजच पडत नाही.

झोळ पडलेला पाइप ही मिनेसोटासारख्या थंड प्रदेशात केवळ गैरसोय राहत नाही. टाकी रिकामी केल्यावरही झोळात पाणी उरते, आणि शरद ऋतूच्या अखेरीस पहिला कडक गारठा पडला की ते गोठून पाइप फुटतो. त्यात आपल्या स्वयंपाकाची भर असते. फोडणीचे तेल, हळद, भाताच्या पातेल्यातली शिते आणि वरणाचा साका हे सारे ग्रे टँकच्या वाटेने जाते. दीड इंची पाइपाला ढाळ कमी असेल तर तेलाचा थर आतून जमत जातो आणि त्यावर शिते चिकटतात. भांडी धुण्यापूर्वी कागदाने पुसून घेण्याची सवय आम्ही घरातल्या सर्वांना लावली आहे, तरीही पाइपाच्या ढाळाला पर्याय नाही.

हा ढाळ फुटामागे दोन सूत, म्हणजे पाव इंच, असावा असा संकेत आहे. पाइप ५ फूट लांब असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा इंच उतार द्यावा लागतो. आकडा किरकोळ वाटतो, पण टाकीचे तोंड आणि चॅसिसची खालची कड यांत मोजके अंतर असताना आणि ३ इंची पाइपाचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात साडेतीन इंच असताना तो सव्वा इंच आणायचा कुठून, हा खरा प्रश्न असतो. त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा : पाइपाची लांबीच कमी करायची, दोन्ही व्हॉल्व्ह टाक्यांच्या अगदी लगत आणायचे, लागोपाठच्या दोन काटकोनी एल्बोंऐवजी ४५ अंशांचे एल्बो वापरायचे आणि व्हॉल्व्हच्या दांड्या तेवढ्या लांबवून ट्रेलरच्या कडेपर्यंत आणायच्या. पाणी लांब नेण्यापेक्षा दांडी लांब नेणे केव्हाही सोपे.

ही मांडणी शक्य झाली ती या व्हॉल्व्हच्या रचनेमुळे. त्याचा पात्याचा भाग दोन बाजूंच्या पाइपजोडांमध्ये चार बोल्टांनी आवळलेला असतो आणि दोन्ही बाजूंना रबराचे एकेक सील बसते. फक्त ते जोडच पाइपाला चिकटवले जातात, व्हॉल्व्ह कशालाही चिकटवायचा नसतो. त्यामुळे उद्या पाते झिजले किंवा सील फाटले तर पाइप न कापता चार बोल्ट काढायचे, मधला भाग खाली ओढून घ्यायचा आणि नवा बसवायचा, इतकेच काम उरते. ट्रेलरखाली जेमतेम हातभर जागा असताना करवत चालवावी लागत नाही, याचे मोल ज्याने तिथे करवत चालवली आहे तोच जाणतो. मात्र याचा पुरेपूर फायदा हवा असेल तर बोल्टांची डोकी पान्याच्या आवाक्यात राहतील अशा बेताने सोल्युशन लावण्यापूर्वीच जोड फिरवून घ्यावा लागतो. एकदा तो चिकटला की बोल्टांची भोके आहेत तिथेच राहतात. चॅसिसच्या पट्टीआड गेलेला बोल्ट आणि न काढता येणारा बोल्ट यांत काही फरक नाही.

सील बसवताना सबुरी लागते. सीलची कड जोडाच्या खाचेत पूर्ण बसली पाहिजे, आणि व्हॉल्व्ह खालून वर सरकवताना ती हमखास निसटू पाहते. सिलिकॉनचे ग्रीस पातळसर लावल्यास सील जागेवर राहते आणि पातेही अडखळत नाही. पेट्रोलियमचे ग्रीस वापरू नये, कारण त्याने रबर फुगण्याची शक्यता असते. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केली तर सील एका अंगाला दबते आणि दुसरीकडून गळती होते. बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळले तर प्लॅस्टिकची कड वाकते आणि दांडी ओढताना जोर लागतो. प्रत्येक बोल्ट थोडा घट्ट केल्यावर पाते एकदा आतबाहेर करून पाहावे, हाताला लगेच अंदाज येतो.

दांडी लांबवण्यासाठी सरळ लोखंडी दांडी घ्यावी की वायरने चालणारी यंत्रणा घ्यावी, यावर मतभेद आहेत. वायर हवी तशी वळवता येते, पण तिच्यात ओल आणि धूळ शिरते, ती जड चालू लागते आणि बिघडलीच तर काढणे जिकिरीचे ठरते. सरळ दांडीत बिघडण्यासारखे काही नसते. तिला लागणारी सरळ रेषा छोट्या ट्रेलरमध्ये बहुधा मिळतेच, म्हणून माझे मत दांडीच्या बाजूने आहे. लांब दांडीला मध्ये एक आधार मात्र द्यावा, नाहीतर प्रवासातल्या हादऱ्यांनी ती हेलकावत राहते आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर ताण येतो.

काही मर्यादाही सांगायला हव्यात. कोणत्याही गेट व्हॉल्व्हप्रमाणे इथेही पाते एका खाचेत सरकते. त्या खाचेत काही अडकले तर पाते पूर्ण बंद होत नाही, म्हणून टाकी रिकामी केल्यावर भरपूर पाण्याने खळबळून घेणे भाग आहे. पाते अर्धवट उघडून पाणी थोडे थोडे सोडण्यासाठी हा व्हॉल्व्ह नाही. तसेच हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत दांडी आणि बोल्ट यांना गंजापासून जपावे लागते. आम्ही बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घातले.

बाहेरच्या तोंडावर फिरवून बसवायचा जादा व्हॉल्व्हही मिळतो. टोपण काढताना थेंबभरही सांडू नये यासाठी तो उत्तम आहे, पण त्याने तोंडाची लांबी वाढते आणि छोट्या ट्रेलरमध्ये नेमका तोच भाग दगडाला लागण्याची भीती असते. म्हणून मुक्कामी बसवावा आणि प्रवासात काढून ठेवावा.

या फेरजोडणीत सिंकखालचा नेहमीचा ट्रॅप काढून आम्ही ‘हेपवो’ हा पाण्याविना चालणारा ट्रॅप बसवला. नेहमीच्या ट्रॅपमध्ये साचलेले पाणी वास अडवते, आणि प्रवासात ते हिंदकळून निघून गेले की टाकीचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. हेपवोमध्ये एक लवचीक पडदा असतो. वरून पाणी आले की तो उघडतो, एरवी मिटलेला राहतो. तो आडवाही बसवता येतो, त्यामुळे सिंकखालच्या कपाटात मोकळी जागा मिळाली. हिवाळ्यात गोठण्यासारखे पाणी त्यात उरत नाही, हा आणखी एक लाभ. तो सोल्युशनने चिकटवायचा नसतो, त्याच्या जोडांना आवळायची नट असते.

टाकीचा छतावर जाणारा हवेचा पाइप मात्र कोणत्याही सबबीवर काढू नये. जागा वाचवण्यासाठी त्याऐवजी केवळ हवा आत घेणारी झडप बसवण्याचा सल्ला काही जण देतात. सिंकच्या पाइपासाठी ती ठीक आहे, पण टाकीत पाणी शिरते तेव्हा आतली हवा बाहेर पडायला हवी, आणि ही झडप हवा बाहेर सोडतच नाही. मग कोंडलेली हवा शॉवरच्या जाळीतून बुडबुड्यांनिशी वर येते.

एबीएसचे काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोरडा पाइप जोडात तळापर्यंत जात नाही. सोल्युशन लावल्यावर तो सहज आत सरकतो आणि ३ इंची जोडात तर साधारण दीड इंच खोल बसतो. कोरड्या जुळवणीवरून माप घेतले तर चिकटवल्यावर सगळी लांबी आखडते आणि व्हॉल्व्हचे बोल्ट जुळत नाहीत. जोडाची खोली मोजून पाइपावर खूण करावी आणि त्या खुणेपर्यंत पाइप पाव वळसा देत दाबावा. घराच्या कामात आडव्या एबीएस पाइपाला दर ४ फुटांवर आधार देतात. रस्त्यावर सतत हादरे बसत असल्याने आम्ही आधार त्याहून जवळ घेतले.

सोल्युशन पूर्ण वाळल्यावर दोन्ही टाक्या खाण्याचा निळा रंग घातलेल्या पाण्याने भरल्या आणि प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून रात्रभर तसेच ठेवले. ओल कागदावर दिसतेच, आणि ती नेमकी कोणत्या सांध्याची हे निळ्या डागावरून लगेच कळते. आमचे कागद सकाळी कोरडे होते. ही चाचणी अंगणातच उरकावी, कारण पुढे गळती म्हणजे केवळ घाण नव्हे : अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ट्रेलरचे सांडपाणी नेमून दिलेल्या जागेखेरीज कुठेही सोडण्यास केंद्रीय नियमाने मनाई आहे, आणि त्यात भांडी धुतलेल्या पाण्यालाही सूट नाही.

पाइप आता चॅसिसच्या पट्टीवरून जातो, कुठे घासत नाही, आणि टाकी रिकामी झाल्यावर त्यात पाणी थांबत नाही. व्हॉल्व्ह मी निःसंकोच सुचवेन, विशेषतः ज्यांना पुढची दुरुस्ती स्वतः करायची आहे त्यांना. जादा सीलची एक जोडी मात्र ट्रेलरमध्ये कायम ठेवावी. एक अडचण या फेरजोडणीनेही सुटलेली नाही. चाकांवर ओढून नेता येणारी सांडपाण्याची छोटी टाकी वापरायची तर तिचे तोंड ट्रेलरच्या तोंडापेक्षा खाली असावे लागते, आणि छोट्या ट्रेलरचे तोंड मुळातच जमिनीलगत असते. अशी टाकी विकत घेण्यापूर्वी ट्रेलर सपाट जागेवर उभा करून त्याच्या तोंडाची जमिनीपासूनची उंची मोजावी, आणि तिच्याहून बुटकी, पसरट टाकीच घ्यावी.