मराठी मजकुराचा मोठा डेटाबेस आणि शोध: मायएसक्यूएल, इलॅस्टिकसर्च की स्फिंक्स?

परवा एका मित्राने विचारलं, पाचेक लाख नोंदी झाल्यात, सगळा मराठी मजकूर, आणि शोध अजून साध्या लाइकवर (ती अक्षरं मजकुरात कुठेही आहेत का बघणारी एसक्यूएलची अट) चालतोय, निकाल येईपर्यंत चहा करून येता येतो, आता पुढे काय घेऊ? मी हे सगळं आधी भोगलंय. आमच्याकडे जुने लेख, वाचकांची पत्रं, पाककृती, अभंग असं मिळून नऊ लाखांच्या आसपास नोंदी आहेत आणि सर्व्हर चार जीबी रॅमचा, म्हणजे श्रीमंती नाहीच. इंडेक्स म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून आधीच करून ठेवलेली सूची, त्यापलीकडे सांगत बसत नाही.

पहिलं म्हणजे लाइकला उगाच शिव्या देऊ नका. मराठीत त्याची एक मजा आहे, 'घर' टाकलं की घरात, घराचं, घरापासून सगळं फुकटात सापडतं (घरंगळला पण सापडतं, पण ठीक आहे). फक्त दोन्हीकडे टक्केचिन्ह लावलं की इंडेक्सचा काही उपयोग होत नाही, दर वेळी सगळ्या ओळी वाचाव्या लागतात. पन्नास हजार नोंदींपर्यंत मी तरी काही बदललं नसतं.

मग सगळे करतात तेच मी केलं, मायएसक्यूएलचा फुलटेक्स्ट, म्हणजे मजकुरातल्या शब्दांचा इंडेक्स, लावला. इनोडीबीत (टेबलं साठवायची त्याची नेहमीची पद्धत) ५.६ आवृत्तीपासून आहे, वेगळं काही बसवायला नको, अर्ध्या तासात चालू. दुसऱ्या दिवशी एका काकूंचा फोन, 'मन' शोधलं तर काहीच येत नाही. कसं येणार? मुळात तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द तो इंडेक्समध्ये घेतच नाही, आणि मन, घर, जग, नळ, वड ही सगळी दोनच अक्षरं. मायआयसॅम या साठवायच्या जुन्या पद्धतीला तर चार लागतात, तिथे काना धरूनही तीनच भरणारं 'गाव'सुद्धा गावत नाही. ती मर्यादा बदलता येते, पण सर्व्हर रीस्टार्ट करा, इंडेक्स परत बांधा, आणि शेअर्ड होस्टिंग असेल तर ते सेटिंग तुमच्या हातात नसतंच. ५.७ पासून एनग्राम पार्सर आहे, दोन-दोन अक्षरांचे तुकडे करणारा, पण तो चिनी-जपानी-कोरियनसाठी केलेला आहे, आपल्याकडे एक व्यंजन आणि त्याची मात्रा मिळूनच एक तुकडा होतो, इंडेक्स फुगतो आणि निकालात कायच्या काय येतं. मायएसक्यूएलला इथेच नमस्कार केला.

आता खरी लढत. इलॅस्टिकसर्च आणि स्फिंक्स, दोन्ही डेटाबेसच्या शेजारी वेगळे बसवायचे, फक्त शोधासाठीचे.

इलॅस्टिकसर्च चांगलंच आहे, त्यात वाद नाही. २०१० पासून आहे, खाली ल्युसीन या शोधाच्या लायब्ररीचा पाया, चुकीचं टाइप केलं तरी जवळचा शब्द शोधून देतो, सालवार-लेखकवार मोजणी करून देतो, सर्व्हर वाढवायचे तर वाढवता येतात. तुमच्याकडे टीम असेल आणि रॅमचा प्रश्न नसेल तर पुढचं न वाचता तेच घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही. चार जीबीत मात्र अर्धी रॅम जावाच्या हीपला (इलॅस्टिक जावावर चालतो, त्याच्या कामाची मेमरी) द्या, उरलेल्यात डेटाबेस आणि वेबसर्व्हर कोंबा, अशी ओढाताण. एकाच मशीनवर चालवलं की प्रकृती कायम पिवळी दाखवतो, कारण प्रत ठेवायला दुसरं मशीनच नसतं. प्रतींचा आकडा शून्य केला की हिरवा होतो, पण पहिल्या रात्री मी उगाच घाबरलो होतो.

पण माझा निर्णय रॅमवर झाला नाही. झाला तो एका अक्षरावर.

'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या'. बघा नीट. डोळ्यांना एकच दिसतात ना? पहिल्यात नुक्त्याचा ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, पाय मोडलेला आणि मागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. कोणी कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर अवलंबून. आमच्या साठ्यात दोन्ही भरपूर, आणि इलॅस्टिकच्या नेहमीच्या अॅनालायझरला (मजकुराचे शब्द पाडून इंडेक्ससाठी तयार करणारा भाग) हे दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणजे 'सातारच्या दुसऱ्या' शोधलं की अर्धेच निकाल, आणि अर्धे गेले कुठे ते कोणालाच कळत नाही कारण स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतंय. मराठीचा तयार अॅनालायझर त्यात नव्हता, हिंदीचा होता, मी म्हटलं लावून बघू. जॉइनर काढतो, ऱ चा र करतो, वा! पण सोबत दीर्घाचं ऱ्हस्वही करतो आणि ॉ चा ो करतो. मग शीर शोधलं की शिर, सूत शोधलं की सुत, आणि क्रिकेटवरच्या लेखातला 'बॉल' शोधायला गेलो तर निम्म्या अभंगांतले 'बोल' हजर.

तर स्वतःचे नियम लिहायचे. ते इलॅस्टिकमध्ये लिहिता येतात, खरं सांगायचं तर स्फिंक्सपेक्षा जास्त नीट लिहिता येतात. अडचण वेगळीच आहे, मराठीत हे नियम एका बसणीत होत नाहीत. आज ऱ्या झाला, उद्या कोणीतरी '1972 दुष्काळ' शोधतं आणि मजकुरात '१९७२' असतं, परवा कळतं की अभंगाच्या ओळीचा शेवटचा शब्द सापडत नाही कारण त्याला दंड चिकटलाय. मी दोन महिन्यांत तीसेक वेळा नियम बदलले असतील, आणि दर वेळी सगळा साठा नव्याने इंडेक्स करायचा. इलॅस्टिकमध्ये डेटाबेसमधून मजकूर काढून त्याच्यापर्यंत नेऊन देणं हे आपलं काम, माझी स्क्रिप्ट (माझीच होती, दोष कोणाचा नाही) चार लाखांवर जाऊन पडायची. मग जुन्या इंडेक्समधूनच नव्यात ओतायची सोय वापरली, तर तो मूळ मजकूरही स्वतःकडे ठेवत असल्यामुळे दोन प्रती एका डिस्कवर, डिस्क ९५ टक्क्यांच्या वर गेली आणि त्याने इंडेक्स फक्त वाचण्यापुरता करून टाकला. नियमाप्रमाणेच वागला तो. पण रात्री दीडला ते समजून घ्यायची माझी मनःस्थिती नव्हती.

स्फिंक्स जुनं आहे, २००१ सालचं. कॉन्फिग फाइलमध्ये एक एसक्यूएल क्वेरी लिहा, मजकूर तो स्वतः जाऊन ओढून आणतो. सुरुवातीला त्यालाही देवनागरी अजिबात कळत नव्हती, मूळच्या अक्षरयादीत इंग्रजी आणि रशियनच, बाकी सगळं म्हणजे मोकळी जागा. पण ती यादी तुमच्या हातात असते: देवनागरी अक्षरं घाला, दंड वगळा, देवनागरी आकड्यांना इंग्रजी आकड्यांशी जोडा, ऱ ला र शी, आणि जॉइनर दुर्लक्षित अक्षरांत टाका. चार-पाच ओळी. मग इंडेक्सरची एक कमांड द्यायची, शोध चालूच राहतो, नवा इंडेक्स तयार झाला की आपोआप जुन्याच्या जागी बसतो. जागा तेवढा वेळ त्यालाही दुप्पट लागते, पण मूळ मजकूर आत साठवलेलाच नसल्याने दुप्पट म्हणजे फार काही नाही. आमच्याकडे नऊ लाखांचं काम भांडी घासून होईपर्यंत आटोपतं. घड्याळ लावून मोजलेलं नाही, भांडी मात्र मीच घासतो.

सगळं गोड आहे असं नाही. ऱ चा र केल्यावर 'दऱ्या' शोधणाऱ्याला 'दर्या' दिसायला लागला आणि आचाऱ्यांच्या जोडीला आचार्य येऊन बसले. तीन महिने तसंच चालवलं, एकाच माणसाने तक्रार केली. नंतर रेगेक्स फिल्टर (इंडेक्स करण्याआधी मजकुरात शोधा-बदला करणारी सोय) सापडला, त्यात जॉइनरवाल्या र्‍ चा सरळ ऱ् करून टाकला आणि अक्षरयादीतली ती जोडणी काढली. दुसरं, माझ्या या पद्धतीत नवी नोंद लगेच सापडत नाही, नव्या नोंदींचा छोटा इंडेक्स वेगळा ठेवून दर पाच मिनिटांनी क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सर्व्हरची सोय) चालवावा लागतो, तुम्हाला त्याच क्षणी सापडायला हवी असेल तर हे खटकेल. आणि तिसरं, स्फिंक्सचा सोर्स कोड ३.० पासून खुला राहिला नाही, म्हणून मी २०१७ मध्ये त्याच्यातूनच फुटून निघालेल्या मॅंटिकोरवर गेलो. माझी जुनी कॉन्फिग फाइल किरकोळ बदलांनी चालली. परवान्यांची गंमत तिकडेही झालीच, इलॅस्टिकने २०२१ मध्ये अपाची हा मुक्त परवाना सोडला, त्यातून ओपनसर्च वेगळं झालं, २०२४ मध्ये परत एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय दिला, त्यामुळे त्या मुद्द्यावर मी कोणाला झुकतं माप देणार नाही.

सामान्यरूपांचं कोडं दोन्हीकडे तुमच्याच गळ्यात. पाणी शोधलं की पाण्यात, पाण्याचं, पाण्यावाचून हे यायला हवं. मी शब्दरूपांची एक साधी टेक्स्ट फाइल ठेवलीय, एका ओळीत एक रूप आणि त्याचा मूळ शब्द. लोक काय शोधतात त्याची नोंद दर रविवारी बघतो आणि निकाल न आलेले शब्द तिच्यात घालतो. मित्राला म्हटलं, मॅंटिकोर लावून बघ, नाहीच जमलं तर इलॅस्टिक कुठे पळून जात नाही, आणि ही फाइल तशीच ने. सध्या अकरा हजार ओळी आहेत, गेल्या रविवारी 'चिंचेचं' घातलं.