दादरला घेतलेला रेणू-प्रतिकृतींचा संच

एम.एस्सी.च्या अभ्यासासाठी दादरच्या एका दुकानातून घेतलेला हा संच समन्वय संयुगांसाठी (मध्यवर्ती धातूभोवती इतर रेणू किंवा आयन जोडलेली संयुगे) मनापासून सुचवावासा वाटतो, कारण सहा छिद्रांच्या धातुगोलाला तीन एथिलीनडायअमीन (दोन टोकांनी धातूला धरणारे रेणू) जोडून आरशासमोर धरले की प्रतिमा मूळ रूपावर बसत नाही, हे हातालाच कळते. कार्बनी-धातू संयुगांत, म्हणजे धातू थेट कार्बनला जोडलेला असतो तिथे, मात्र तो तोकडा पडतो. कार्बन मोनॉक्साइड इलेक्ट्रॉनांची जोडी धातूला देतो आणि धातू आपल्या डी-कक्षकांतून (इलेक्ट्रॉन राहतात त्या जागांतून) काही इलेक्ट्रॉन-घनता त्याच्या प्रतिबंधी, म्हणजे बंध कमकुवत करणाऱ्या, कक्षकांत परत करतो, ज्यामुळे कार्बन-ऑक्सिजन बंध सैल होऊन मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचे २१४३ प्रति सेंटिमीटरवरचे अवरक्त शोषण निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये सुमारे २०६० वर उतरते. ही देवघेव एका काडीने दाखवताच येत नाही. फेरोसीनमध्ये पाच-पाच कार्बनांच्या दोन वलयांमध्ये लोह असते आणि त्याला दोन्ही वलयांचे दहा कार्बन धरतात, तेवढी छिद्रे गोलाला नाहीत. दोन काड्या आठवड्यातच तडकल्या, त्या दुकानदाराने विनातक्रार बदलून दिल्या.