सोलापुरात स्ट्राँग एल मुरवायची कुठे: तळघर, वाइन कूलर की जुना फ्रिज?

इंपीरियल स्टाउट, बार्लीवाइन, बेल्जियन क्वाड अशा ८-९ टक्क्यांपुढच्या अल्कोहोलच्या एल (एल हा बिअरचा एक प्रकार) १० ते १३ अंशांत नीट मुरतात. जुन्या वाड्यात तळघर असलं की माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसगत होते. जमिनीत खोल गेलं की तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिरावतं. बेल्जियमची सरासरी १०-११, सोलापूरची २७च्या आसपास. बाहेर ४२ असताना तळघर गार लागतं खरं, पण बाटलीच्या हिशेबाने ते गरमच.

दर १० अंशांना रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे २७ला एल १३च्या तुलनेत अडीचपट वेगाने म्हातारी होते, तीही वाईट पद्धतीने. मनुका-खजुराचा स्वाद यायच्या आत ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तळाशी यीस्ट असेल तर त्याच्या पेशी फुटून सोया सॉससारखी चव उतरते. तळघरात सहा महिने फार झाले.

वाइन कूलर दिसतो छान. पण लहान, स्वस्त मॉडेल बहुधा पेल्टियरवर (कॉम्प्रेसरशिवाय, विजेने गार होणारी पट्टी) चालतात आणि खोलीपेक्षा १५-२० अंशच खाली जातात. मे महिन्यात ४०च्या खोलीत आत २०-२५! घ्यायचाच तर कॉम्प्रेसरवाला घ्या. त्याचे रॅक आडव्या बाटल्यांचे असतात, एल मात्र उभी ठेवायची: गाळ तळाशी बसतो आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग कमी राहतो. त्यामुळे निम्मे रॅक काढावे लागतात. दार काचेचं, म्हणून उजेडापासून जपणं आलंच.

आमचा कौल सेकंडहँड सिंगल डोअर फ्रिजला, सोबत एसटीसी-१०००सारखा कंट्रोलर, म्हणजे तापमान पाहून फ्रिज चालू-बंद करणारं उपकरण. फ्रिजचा नॉब सर्वांत थंडवर, कंट्रोलर १३वर, फरक १ अंश (१४ला चालू, १३ला बंद), कॉम्प्रेसर डिले, म्हणजे पुन्हा सुरू होण्याआधीचा थांबा, ५ मिनिटं. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर दार उघडताच कॉम्प्रेसर सुरू होतो. सेन्सर पाण्याच्या लिटरभर बाटलीत बुडवा. रिकाम्या जागेतही पाण्याच्या बाटल्या भरा, म्हणजे वीज गेली तरी काही तास तापमान फारसं हलत नाही. १३ अंशांवर फ्रीझरमध्ये बर्फ टिकत नाही, ओल साचते आणि लेबलांना बुरशी लागते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर महिन्याला पुसून घ्या. वायरिंग २३० व्होल्टचं आहे, ते इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पाच-सहाच बाटल्या असतील तर हा खटाटोप कशाला? घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मागे ठेवा. ४-५ अंशांत मुरणं फार संथ होतं, पण बिघडत काही नाही.

एकाच प्रकारच्या तीन बाटल्या घ्या आणि वर्षाला एक उघडा. कॉफी घातलेली स्टाउट किंवा हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) मारा असलेली एल मात्र ताजीच संपवा. कॉफीचा वास उडाला की मागे ढोबळी मिरचीची चव उरते.